कंस मोजणार कोण?

पायथन ही आता शाळेतल्या मुलांनाही शिकवतात अशी संगणकभाषा. मजकुरातले शब्द सुटे करायला तिच्यात एक तयार साधन येते. त्याच्यापुढे ‘भोर’ ठेवा. ते दोन तुकडे हातात देते: ‘भ’ आणि ‘र’. ‘वेल्हे’ ठेवा. तीन तुकडे: ‘व’, ‘ल’, ‘ह’. यूनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या स्वतंत्र खुणा आहेत. हे साधन शब्दात फक्त अक्षरे आणि अंक धरते. खूण आली की शब्द तोडते. दुखणे जुने आहे आणि त्यावर वेगळी मोफत लायब्ररीही आहे. पण ती शोधायची तर आधी आपला शब्द तुटला हे कुणाच्या तरी नजरेस पडायला हवे. इंग्रजी नावांवर चाचणी उरकून मोकळा झालेला माणूस ते कधीच पाहणार नाही.

मला याचा राग येतो. तालुक्याचे नाव ज्याला सलग उचलता येत नाही, त्याच्या हाती तालुक्याचे कागद द्यायचे?

मजकूर यंत्राकडून वाचून घ्यायचे दोन रस्ते आहेत. पहिला ठिगळांचा. ‘दोन आकडे, मग टिंब, मग दोन आकडे’ असे साचे लिहायचे आणि मजकुरावरून फिरवायचे. याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. एक साचा फसला की दुसरा, दुसरा फसला की तिसरा. वर्षभराने त्या साच्यांचा अर्थ लिहिणाऱ्यालाही लागत नाही. दुसरा रस्ता व्याकरणाचा. कागदात काय येऊ शकते, कशानंतर काय येते, कशाच्या पोटात काय बसते, हे एका फाईलमध्ये नियम म्हणून लिहायचे. मग लायब्ररी त्या नियमांवरून वाचणारा प्रोग्रॅम उभा करते. त्याला पार्सर म्हणतात. फाईल साध्या ओळींची असते. थोडी सवय झाली की तलाठ्यालाही वाचता येईल आणि चूक दाखवता येईल.

ही साधने नवीन नाहीत आणि महागही नाहीत. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ लिहिले, त्याचा अहवाल १९७५चा. त्यानंतर ‘बायसन’ आले, टेरेन्स पार यांचे ‘अँटलर’ आले. पायथनसाठी ‘पायपार्सिंग’ आणि ‘लार्क’ आहेत. सगळी मोफत, सगळ्यांचा मूळ कोड उघडा. पैसे नव्हते ही सबब इथे चालणार नाही.

आता सातबारा घ्या.

भोर आणि वेल्हे तालुक्यांतली शेते लहान, डोंगरउताराची, भावकीत वाटली गेलेली. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे याच दोन तालुक्यांतली. कुणाची जमीन पाण्याखाली गेली, कुणाची उरली, कुणाच्या नावे किती राहिली, हे सगळे शेवटी गाव नमुना सात आणि बारा या कागदावरच्या चार खुणांवर येऊन थांबते. म्हणून त्या खुणा वाचायची पद्धत हा माझ्या लेखी संगणकवाल्यांचा घरगुती प्रश्न नाही.

क्षेत्राच्या रकान्यात ‘१.२०’ असे लिहिले आहे. काय वाचाल? नोंद मेट्रिक असेल तर १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. जुन्या नोंदीवरून उतरवताना एकर आणि गुंठ्यांमधली आडवी रेघ जाऊन तिथे टिंब पडले असेल, तर १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण एकराचे गुंठे ४०. आणि टंकणाऱ्याने साधा दशांश धरला असेल तर १.२ एकर, म्हणजे १ एकर ८ गुंठे. चार खुणांत तीन वेगवेगळी शेते. त्यात आजचा सातबारा हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन भाग लिहितो, ‘१.२०.५०’ सारखे. दोन टिंबांची संख्या गणितात नसतेच. तिच्यावर ‘हा आकडा आहे’ असे गृहीत धरलेला प्रोग्रॅम सोडला तर तो एक तर अडतो, नाही तर दुसऱ्या टिंबापुढचे गुपचूप टाकून देतो. अडणारा परवडला.

व्याकरणात हे असे लिहितात:

क्षेत्र → मेट्रिक | जुने
मेट्रिक → हेक्टर “.” आर | हेक्टर “.” आर “.” चौमी
जुने → एकर “-” गुंठे | एकर “.” गुंठे

यातली उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. आर ९९च्या वर जाणार नाहीत आणि गुंठे ३९च्या वर जाणार नाहीत, हे आणखी दोन ओळींत बसते. म्हणजे ‘१.५५’ आले की जुना अर्थ आपोआप बाद होतो, कारण ५५ गुंठे कुणी लिहीत नाही. ‘१.२०’ आले की दोन अर्थ उभे राहतात, आणि दशांशाची शंका असेल तर एक ओळ वाढवून तिसरा. जे कागदावर खरोखर संदिग्ध आहे ते संदिग्धच दिसते. मला हेच हवे आहे.

इथे लायब्ररीची निवड चवीची बाब राहत नाही. ब्रायन फोर्ड यांनी २००४मध्ये मांडलेली ‘पेग’ नावाची पद्धत सध्या लोकप्रिय आहे. पायथनने २०२०मध्ये स्वतःचा वाचक त्याच पद्धतीवर नेला. तिच्यात पर्यायांचा क्रम ठरलेला असतो. पहिला पर्याय बसला की दुसरा बघायचाच नाही. संगणकभाषेसाठी हे उत्तम, कारण ती भाषा आपणच घडवलेली असते आणि तिच्यात दोन अर्थ नकोच असतात. जमिनीच्या जुन्या नोंदी मात्र आपण घडवलेल्या नाहीत. त्या चार पिढ्यांच्या तलाठ्यांनी आपापल्या सवयीने लिहिलेल्या आहेत. तिथे पेग चालवले तर पहिल्या ओळीत मेट्रिक लिहिणाऱ्याने सगळ्या वाडीचा निकाल लावून टाकला, आणि कुणाला कळलेही नाही. याक निदान व्याकरणातच भांडण असेल तर प्रोग्रॅम तयार करताना ओरडून सांगते. जे अर्ली यांची रीत सगळ्यात सरळ, १९७० साली छापून आलेली. ती जितके अर्थ निघतात तितके सगळे शोधते. ‘लार्क’मध्ये ही रीत आहे आणि ‘सगळे अर्थ दाखव’ असे तिला सांगताही येते. थोडी सावकाश चालते. चालू दे. फेरफाराला महिने लागतात तिथे यंत्राला दोन क्षण जास्त लागले तर काही बिघडत नाही.

आता कंस. भोरच्या आठवडी बाजारातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ‘नाव कंसात गेलं’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. माणूस वारला, हक्क सोडला, जमीन विकली, कर्ज फिटले, की जुनी नोंद पुसत नाहीत. तिला २०२०पर्यंत कंस करत. आत फेरफाराचा क्रमांक, तोही कंसात. कंसाच्या पोटात कंस. मग वारसांची नावे, त्यातला एखादा अज्ञान असेल तर ‘अ.पा.क.’ म्हणून पालनकर्ता, एकत्र कुटुंब असेल तर ‘ए.कु.क.’ म्हणून कर्ता. त्यातला कुणी पुढे वारला की पुन्हा कंस.

कंसात कंस किती खोल जाईल हे आधी ठाऊक नसेल तर साध्या साच्यांनी त्यांच्या जोड्या लावता येत नाहीत. हे कुणाचे मत नाही. नोम चॉम्स्की यांनी १९५६ साली व्याकरणांच्या पायऱ्या मांडल्या, तेव्हापासून हे पक्के आहे. साच्याला मोजता येत नाही. उघडलेला कोणता कंस कुठे मिटला याची आठवण ठेवायला त्याच्याकडे जागा नसते. व्याकरणावर चालणाऱ्या पार्सरकडे ती असते. साच्याने वाचले तर होते असे, की पहिला मिटता कंस दिसला की तो समजतो, संपले. पुढचे नाव मोकळे सुटते आणि मेलेला माणूस जिवंत खातेदारांच्या यादीत येऊन बसतो.

अशा यादीवरून उद्या एखाद्या घरी नोटीस गेली तर आबा चावडीवर येऊन एवढेच विचारतील: “भाऊसाहेब, आमच्या दादाचं नाव कंसात होतं. परत वर कसं आलं?” भाऊसाहेबांकडे काय उत्तर असणार?

२०२०मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. गावाच्या नावाबरोबर गावाचा कोड छापायला लागले, हे फार चांगले झाले. त्याच वेळी कमी केलेल्या नोंदींना कंस करायचा सोडून त्यांच्यावर आडवी रेष मारायचे ठरले. माणसाच्या डोळ्यांना ते सोपे जाते, मान्य. पण कंस हे मजकुरातले अक्षर आहे आणि आडवी रेष हे मजकुरावर काढलेले चित्र. मजकूर उचलून दुसरीकडे डकवला की कंस बरोबर येतो. रेष येईलच याची खात्री नाही. रेष मागे राहिली तर गेलेली नोंद पुन्हा चालू नोंदीसारखी दिसणार. बँकेत, वकिलाकडे, पीकविम्याच्या अर्जात हा मजकूर हाताळणारे पुष्कळ आहेत. नमुना आखताना ‘यंत्र हे कसे वाचेल’ हा प्रश्न त्याच बैठकीत विचारायचा असतो. अजूनही वेळ गेलेली नाही. कागदावर रेष ठेवा, आणि त्यामागच्या मजकुरात नोंद कमी झाल्याची खूण अक्षरांतच ठेवा.

गावांच्या नावांकडे जरा भरभर जाऊ. राजगडाच्या पायथ्याची पाल बुद्रुक आणि पाल खुर्द ही दोन गावे. कुणी ‘बु.’ लिहितो, कुणी ‘बुद्रुक’, कुणी ‘बु॥’, आणि टंकताना तो ॥ सापडला नाही की कीबोर्डवरच्या दोन उभ्या रेघा मारतो. ज्या फाईलमध्ये रकाने त्याच उभ्या रेघेने तोडलेले असतात, तिथे पाल गावचे दोन रकाने जास्तच होतात आणि पुढचे सगळे दोन-दोन घरे सरकते. पानशेतच्या रस्त्यावरचे गोऱ्हे बुद्रुक घ्या: त्यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टंकता येतो, पडद्यावर सारखाच दिसतो, आणि यंत्राला ती दोन निराळी गावे वाटतात. शिवाय आपली भाषा नाव जसेच्या तसे ठेवत नाही. वेल्हे, वेल्ह्याला, वेल्ह्यातून. गुंजवणे, गुंजवण्याहून. ‘वेल्हे’ शोधणाऱ्याला ‘वेल्ह्यातील’ सापडत नाही. पण हा एकच नियम आहे, पुण्याला आणि ठाण्यालाही तोच लागतो. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चे. त्याच्याही पाऊणशे वर्षे आधी, १८३६ साली, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. नियम लिहून ठेवणारी माणसे आपल्याकडे होती. आयआयटी मुंबईत मराठीच्या शब्दजालावर आणि शब्दरूपांवर अनेक वर्षे चांगले काम झालेले आहे. तिथून तालुक्याच्या कचेरीतल्या प्रोग्रॅमपर्यंतचा रस्ता कुणी बांधायला घेतला नाही, एवढीच माझी तक्रार आहे, आणि ती मला मोठी वाटते.

व्याकरणाचा विषय निघाला की काही मंडळी लगेच पाणिनीचे नाव घेतात. घ्यावे, हक्क आहे. संगणकभाषांचे नियम लिहायची जी खूणपद्धत जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या नावाने चालते, तिला पाणिनीचे नाव द्यावे असे पीटर इंगरमन यांनी १९६७मध्ये सुचवले होते. पण त्या अभिमानाने एकाही सातबाऱ्याचा एकही कंस मोजला जात नाही. ज्यांना अभिमान आहे त्यांनी अष्टाध्यायीइतक्या काटेकोरपणे गाव नमुना सात लिहून दाखवावा.

पाणिनीपेक्षा जवळचा माणूस सांगतो. अरविंद कृष्ण जोशी. जन्म पुण्यात, १९२९. पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकले आणि पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. तिथे १९५८-५९मध्ये झेलिग हॅरिस यांच्या प्रकल्पात युनिव्हॅक या अवाढव्य यंत्रावर इंग्रजी वाक्यांची फोड करणारा प्रोग्रॅम लिहिला गेला. जगातल्या अगदी पहिल्या पार्सरांपैकी तो एक, आणि जोशी त्या कामात होते. १९७५मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह झाडांच्या जोडणीवर चालणारे व्याकरण मांडले. शब्दांची माळ न धरता वाक्याची छोटी छोटी झाडे घ्यायची आणि एकात दुसरे रोवायचे. हे व्याकरण पुढे पुण्यातच परतले: सी-डॅकच्या ‘मंत्र’ या प्रणालीत इंग्रजी सरकारी कागद हिंदीत आणायला तेच वापरले गेले. संगणकीय भाषाशास्त्राच्या जागतिक संघटनेने २००२मध्ये आपला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा जोशींना दिला. २०१७च्या अखेरीस ते गेले. पुण्यात पुतळे पुष्कळ आहेत. या माणसाचे नाव मराठी शाळेच्या एकाही भिंतीवर मी पाहिलेले नाही.

आणि भोर! भोरचे राजघराणे पंत सचिवांचे. सचिव म्हणजे शिवकालातला सुरनीस. महाराजांच्या वेळी ते पद अण्णाजी दत्तोंकडे होते. राजाराम महाराजांच्या काळात ते शंकराजी नारायणांकडे आले आणि त्यांच्या वंशाने १९४८च्या विलीनीकरणापर्यंत भोर सांभाळले. राज्याभिषेकाच्या वेळच्या कानूजाबत्यात सचिवाचे काम नेमून दिले आहे. राजपत्रे बारकाईने पाहायची, अक्षर-मजकूर कमी-जास्त असेल तर शुद्ध करायचा, मग त्यावर चिन्ह करायचे. पत्राचा घाट ठरलेला होता: वर कालगणना, मग कुणाची आज्ञा कुणाला, मग मजकूर, शेवटी मर्यादेची मुद्रा. घाट चुकला की पत्र पुढे जात नसे.

त्या कागदांवरचा सुहूर सन तर अर्लीच्या पार्सरसाठीच लिहिला असावा इतका नेटका आहे. ‘इहिदे सबैन अलफ’: इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. एकूण १०७१, म्हणजे इसवी १६७०-७१. आधी एकं, मग दहं, लागलेच तर शेकडा, शेवटी हजार. शब्द मोजके, क्रम अढळ. याचे संपूर्ण व्याकरण एका पानात बसते आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या आणि भारत इतिहास संशोधक मंडळातल्या हजारो मोडी कागदांचे साल लावायला ते एक पान पुरेसे आहे. एखाद्या विद्यार्थ्याला हे सुट्टीत जमेल. महाविद्यालयांनी प्रकल्प म्हणून तेच ते ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ करून घेणे थांबवावे आणि हे करून घ्यावे.

‘आता एआय आले, व्याकरण कशाला लिहायचे?’ असे मला हल्ली वारंवार ऐकवतात. एआय मोडी अक्षर ओळखायला मदत करील, तलाठ्याचे गिचमिड हस्ताक्षर लावून देईल. त्यासाठी जरूर वापरा. पण ते अंदाज बांधते. आज एक उत्तर, उद्या दुसरे, आणि दोन्ही सारख्याच ठामपणे. सातबाऱ्यावर तेच उत्तर दर वेळी यायला हवे, कोणत्या नियमाने आले ते दाखवता यायला हवे, आणि नियम चुकला असेल तर तो प्रांतासमोर वाचून दाखवता यायला हवा. म्हणून एआयने अक्षरे सुचवावीत, व्याकरणाने ती पारखावीत, आणि दोन अर्थ उरले तर कागद माणसाच्या टेबलावर जावा. गुपचूप निवड कुणीही करू नये.

हे काम अडलेले आहे ते निविदांमुळे. निविदेत पडद्यांची संख्या लिहिलेली असते, रंग लिहिलेला असतो, ‘सुलभ’ हा शब्द तीनदा लिहिलेला असतो. मजकूर कोणत्या नियमांनी वाचला जाईल आणि ते नियम कुणाच्या मालकीचे, हे विचारलेले मी पाहिले नाही. कंत्राट संपते, माणसे जातात आणि साच्यांची ठिगळे त्यांच्याबरोबर जातात. पुढचा नव्याने ठिगळे लावतो. पैसे आपलेच, दोन्ही वेळा.

सुरुवात याच दोन तालुक्यांत करता येईल, आणि निमित्तही आहे. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायचा निर्णय घेतला. जुन्या कागदांवर वेल्हे राहणार, काहींवर वेल्हा, नव्यांवर राजगड. जवळचे नाव अंदाजाने जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला राजगड आणि रायगड यांत एका अक्षराचा फरक दिसतो, आणि रायगड जिल्हा या तालुक्याच्या शेजारीच आहे. शुद्धलेखन सुधारायला निघालेले यंत्र तालुका उचलून घाटाखाली ठेवील. व्याकरणात मात्र ही एक ओळ आहे: तालुका म्हणजे वेल्हे किंवा वेल्हा किंवा राजगड, आणि रायगड त्यात नाही. ती ओळ, क्षेत्राच्या ओळी, कंसाच्या ओळी आणि दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या गावांच्या नावांची रूपे एका फाईलमध्ये लिहा. लिहायला तलाठी, निवृत्त सर्कल आणि भोरच्या महाविद्यालयात संगणक शिकणारी मुले यांना एका टेबलाशी बसवा. प्रत्येक नियमाखाली खऱ्या नोंदींचे, पण नावे झाकलेले, नमुने चाचणीसाठी ठेवा. ती फाईल कुणालाही उतरवून घेता येईल अशी उघडी ठेवा, आणि चूक सापडली तर कुठे कळवायचे तो पत्ता तिच्या पहिल्याच ओळीत लिहा.